चार वर्षांच्या लेकीचं अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन आत्ताच करावं की थांबावं?

नाशिकची आई, १७ नोव्हेंबर

दोन डॉक्टर, दोन मतं आणि मधे आम्ही. म्हणून इथे विचारतेय. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल.

लेक चार वर्षं दोन महिन्यांची आहे. जूनमध्ये ज्युनिअर केजीला जायला लागली आणि तेव्हापासूनची सर्दी अजून पुरती गेलेली नाही. चार दिवस बरी, की पाचव्या दिवशी नाक गळायला लागतं. ते मी फार मनावर घेतलं नाही, शाळेच्या पहिल्या वर्षी बहुतेक मुलांचं असंच होतं. पण गणपतीपासून ती घोरायला लागली. अगदी मोठ्या माणसासारखी, दार लावलं तरी बाहेरच्या खोलीत ऐकू येतं. झोपेत मान मागे टाकते, तोंड सताड उघडं, सकाळी उशीचा अभ्रा लाळेने ओला. आता नाशिकला पहाटे चांगलं गार असतं, तरी हिच्या मानेवर घाम.

भाऊबीजेला माझा भाऊ आला होता. ओवाळून झाल्यावर ती त्याच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, बला चॉकलेट दे." तिला "मामा, मला" म्हणायचं होतं. सगळे हसले. थोड्या वेळाने भाऊ स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "ताई, हिचं नाक पार बंद आहे गं." मी तिचं बोलणं रोज ऐकते, त्यामुळे माझ्या कानाला त्याची सवय होऊन गेली होती. ते मला अजून लागून राहिलंय.

त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मानेचा बाजूने एक्स-रे काढायला लावला. अ‍ॅडेनॉइडमुळे नाकामागची जागा ८० टक्के बुजली आहे, असा रिपोर्ट आला. "गुरुवारी करून टाकू, काउंटरवर अ‍ॅडव्हान्स भरा." सगळी भेट सात-आठ मिनिटांची. रात्री कशी झोपते हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

तिला जन्मापासून बघणारे आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, घाई नको. अ‍ॅडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागे, टाळूच्या वर असलेली टॉन्सिलसारखीच गादी. ती तीन ते सात या वयात सगळ्याच मुलांची मोठी असते, मग हळूहळू आकसत जाते. आधी सहा ते आठ आठवडे खाऱ्या पाण्याचे थेंब आणि स्टेरॉइडचा स्प्रे मारून बघू.

सासूबाईंचं म्हणणं, वाढत्या वयात आपोआप जिरतं. नवऱ्याने भुलीची धास्ती घेतलीये, कंपनीत कुणीतरी काहीतरी सांगितलंय. मला दोन्हीकडून भीती वाटते. उगाच चार वर्षांच्या पोरीला ऑपरेशन टेबलवर झोपवायला नको, आणि थांबून तिचं काही नुकसानही व्हायला नको.

तुम्ही कशावरून ठरवलंत? "आता करायलाच हवं" आणि "थांबलं तरी चालेल" यातली रेघ कुठे ओढलीत?

अजून एक. ती टीव्हीचा आवाज सारखा वाढवते. शाळेतल्या ताई म्हणाल्या, पाठीमागून हाक मारली तर वळून बघत नाही, आपल्याच नादात असते. याचा नाकाशी काही संबंध असेल का?


कोल्हापूरची आई, १७ नोव्हेंबर

ताई, आमच्या धाकट्याचं साडेतीन वर्षांचा असताना केलं. एक्स-रे आमच्याकडेही होता, पण निर्णय त्यावर झाला नाही. तो एका रात्रीत झाला.

तोही असाच घोरायचा. मधेच घोरणं थांबायचं आणि मला वाटायचं, चला, लागली शांत झोप. एकदा पहाटे चारच्या सुमाराला मी लाइट लावून बघितलं. पोट वर-खाली होत होतं, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, पण नाकातोंडातून हवा काही नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. अकरापर्यंत गेले. मग त्याने दचकल्यासारखा एकदम श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. त्या रात्री मी झोपलेच नाही, नुसती मोजत बसले.

दुसऱ्या रात्री मोबाइलवर वीस मिनिटांचं शूटिंग केलं. अंगावरचं पांघरूण काढून, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असं. पहाटेचंच करा, श्वास थांबण्याचा प्रकार पहाटेच्या झोपेत जास्त असतो. डॉक्टरांनी ते तीन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, आता थांबत बसायचं नाही. त्याचं वजन सात महिने वाढलं नव्हतं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणंही परत सुरू झालं होतं. मी ते थंडीवर ढकललं होतं. त्याचे टॉन्सिलही मोठे होते, दोन्ही एकदम काढले.

घोरण्याच्या आवाजाने घाबरू नका. घोरणं मधेच थांबतं का, ते बघा. त्यासाठी आज रात्रीच उठा.


ठाण्यातला बाबा, १८ नोव्हेंबर

आम्ही थांबलो आणि आमचं निभावलं, म्हणून लिहितो. थांबणाऱ्यांचे अनुभव कमी वाचायला मिळतात.

मुलगी पाच वर्षांची असताना एक्स-रेत ७५ टक्के आलं होतं. पण तो काढला तेव्हा ती सर्दीने बेजार होती आणि भोकाड पसरून रडत होती. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की रडताना टाळू वर उचलली जाते आणि चित्रात जागा आहे त्याहून अरुंद दिसते. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं, तर निम्म्याच्या आसपास होतं. म्हणून सांगतो, टक्केवारी ऐकून हातपाय गाळू नका.

मोमेटासोन या स्टेरॉइडचा स्प्रे तीन महिने मारला. पहिला महिना आम्ही चुकीचा मारत होतो, सरळ वर आणि नाकाच्या मधल्या पडद्यावर. त्याने दोनदा घोळणा फुटला. मग शिकलो: आधी खारं पाणी, नाक साफ, मान किंचित खाली, आणि नळीचं तोंड त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला. उजव्या हाताने डावी नाकपुडी, डाव्या हाताने उजवी. त्यानंतर फरक दिसायला लागला.

फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं. रोज सकाळी एक अक्षर: "घो", "तों" किंवा "शां". घोरली, तोंडाने श्वास, शांत. पहिल्या महिन्यात "शां" तीनदा, तिसऱ्या महिन्यात अठरा वेळा. डॉक्टरांपुढे ते पान ठेवलं की "बरं वाटतंय" असं मोघम सांगावं लागत नाही. आता ती सात वर्षांची आहे, सर्दी झाली तरच घोरते.

सोबत माँटेलुकास्ट ही अ‍ॅलर्जीवरची गोळीही दिली होती. त्यावर ती रात्री किंचाळून उठायला लागली. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच बंद केली. या गोळीने झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० साली दिला आहे. तुमच्याकडे दिली असेल तर लक्ष असू द्या.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. आमच्या मुलीचा श्वास झोपेत थांबत नव्हता आणि कान तपासून झालेले होते. यातलं काही वेगळं असतं तर मी थांबलो नसतो.


नागपूरची ऑडिओलॉजिस्ट, १८ नोव्हेंबर

मी डॉक्टर नाही. मुलांची श्रवणशक्ती आणि बोलणं तपासण्याचं काम बारा वर्षं करते आहे. नाशिकच्या ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी सहज लिहिलेल्या ओळी मी दोनदा वाचल्या. टीव्हीचा आवाज आणि पाठीमागची हाक. कृपया आधी कान तपासून घ्या.

मधल्या कानात हवा नेणारी एक नळी असते. ती नाकाच्या मागे उघडते, अ‍ॅडेनॉइडच्या अगदी शेजारी. अ‍ॅडेनॉइड सुजलेलं असलं की या नळीचं काम बिघडतं आणि पडद्यामागे हळूहळू चिकट पाणी साठतं. दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही. मूल रडत नाही म्हणून कुणाला कळत नाही. ते फक्त कमी ऐकतं. आणि घरात काय म्हणतात? "ऐकत नाही", "हट्टी झाली आहे", "आपल्याच नादात असते". माझ्याकडे अशी किती मुलं येतात ज्यांना आधी याबद्दल रागवून झालेलं असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तपासणी दोन. एक टिम्पॅनोमेट्री: कानात मऊ बूच ठेवतात, एकेका कानाला मिनिटभर लागतं, काही टोचत नाही. आलेखाचा डोंगर न येता सपाट रेघ आली तर त्याला बी टाइप म्हणतात, बहुतेक वेळा आत पाणी असतं. दुसरी खेळातली श्रवणचाचणी: आवाज आला की एक रिंग खांबात घालायची. चार वर्षांची मुलं हे मजेत करतात.

पाणी निघालं तरी लगेच ऑपरेशन नाही. बऱ्याच मुलांचं तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून तीन महिने थांबून पुन्हा तपासतात. तेवढ्याने गेलं नाही आणि ऐकण्यावर परिणाम दिसत असेल तर मग प्रश्न येतो. इथे वयाला महत्त्व आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चार वर्षांखाली केवळ कानातल्या पाण्यासाठी अ‍ॅडेनॉइड काढू नये, आधी पडद्यात ग्रोमेट म्हणजे बारीक नळी बसवावी. चार वर्षांनंतर ग्रोमेट, अ‍ॅडेनॉइड काढणं किंवा दोन्ही, असा पर्याय असतो. तुमची लेक नेमकी त्या उंबरठ्यावर आहे.

"सारखी सर्दी होते" एवढ्याच कारणासाठी मात्र करू नका. नेदरलँड्समध्ये वारंवार सर्दी-खोकला होणाऱ्या १ ते ६ वर्षांच्या १११ मुलांवर झालेला अभ्यास २०११ साली छापून आला. अ‍ॅडेनॉइड काढलेल्या मुलांची आजारपणं न काढलेल्यांपेक्षा कमी झाली नव्हती. झोपेत श्वास अडण्याचं चित्र वेगळं आहे. २०१३ च्या अमेरिकी अभ्यासात ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं होती. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली, नुसतं थांबलेल्यांची ४६ टक्के. म्हणजे थांबलेल्यांतलीही निम्म्याच्या जवळपास मुलं सुधारली. लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत मोठा फरक नव्हता, वागणुकीत मात्र आईवडिलांना फरक जाणवला. दोन्ही बाजूंनी वाचावा असा तो अभ्यास आहे. फक्त तुमची लेक त्या वयाहून लहान आहे, हे ध्यानात ठेवा.

"मामा"चं "बाबा" होतं त्याबद्दल. म, न, ण हे आवाज नाकातून निघतात. मागचं दार बंद असेल तर म चा ब होतो आणि न चा द. घरी बघायचं तर फ्रिजमधला गार स्टीलचा चमचा नाकाखाली आडवा धरा आणि तिला तोंड मिटून श्वास सोडायला सांगा. चमच्यावर दोन धुरकट ठिपके उमटायला हवेत.

आणि ऑपरेशन ठरलंच तर तिची टाळू नीट तपासायला सांगा. पडजीभ टोकाला दुभंगलेली असेल किंवा टाळूच्या आत लपलेली फट असेल, तर अ‍ॅडेनॉइड काढल्यावर बोलताना हवा कायमची नाकातून जायला लागू शकते. हे आधी बघितलं तर टळतं.


लातूरचा भूलतज्ज्ञ, १९ नोव्हेंबर

ताईंच्या यजमानांसाठी थोडक्यात. एफडीएचा २०१६ चा इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलीबद्दल होता. हे ऑपरेशन साधारण अर्ध्या तासाचं, एकदाच होणारं. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तान्हेपणी एकदा, तासाभराहून कमी भूल दिलेल्या मुलांची बुद्धिमत्ता पाचव्या वर्षी तपासली. फक्त कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन झालेल्या मुलांपेक्षा ती कमी नव्हती.

मला जास्त काळजी असते ती ताज्या सर्दीची. नाक गळतंय, खोकला ओला आहे, ताप आहे, तर दोन ते चार आठवडे पुढे ढकला. "एवढी तयारी केलीय" म्हणून लपवू नका. भुलीच्या आधी सहा तास खाणं आणि दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आजी प्रेमाने बिस्किट भरवते आणि ते कुणी सांगत नाही, ही गोष्ट धोक्याची आहे. झोपेत श्वास थांबत असेल तर त्या रात्री घरी नेऊ नका. आणि दुखण्यासाठी कोडीनचं औषध घरात असेल तर ते या ऑपरेशननंतर अजिबात देऊ नका.


नाशिकची आई, २३ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारची तारीख सोडली. बालरोगतज्ज्ञांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

चमच्यावर एकच ठिपका आला, तोही पुसट. तीन रात्री पहाटे उठून बघितलं. श्वास थांबतो, पण चार-पाच सेकंद, आणि तासात दोन-तीनदा. शूटिंग दाखवलं. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवायला हवं पण धावपळ करण्यासारखं नाही.

कान तपासले. दोन्हीकडे सपाट रेघ. ऐकण्याची पातळी दोन्ही कानांत ३५ डेसिबलच्या आसपास. तपासणाऱ्या ताईंनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही हिच्याशी कुजबुजून बघा. मी कुजबुजले, "घरी जाताना पेरू घेऊ या." पेरू म्हणजे तिचा जीव की प्राण. ती रिंगांशी खेळत राहिली, मान वर केली नाही.

गेले दोन महिने मी तिला "किती वेळा सांगायचं" म्हणून ओरडत होते.

तीन महिने स्प्रे, खारं पाणी, मग पुन्हा कान तपासायचे, असं ठरलंय. शाळेत पुढे बसवायला सांगितलं. फ्रिजवर कॅलेंडर लावलंय.


नाशिकची आई, २४ फेब्रुवारी

तीन महिने झाले. घोरणं कमी आहे, कॅलेंडरवर "शां" बऱ्यापैकी. पण कानांची रेघ दोन्हीकडे अजून सपाट, ऐकणं तसंच. चार वर्षं पाच महिने. करायचं ठरवलं: अ‍ॅडेनॉइड आणि दोन्ही कानांत ग्रोमेट. टाळू तपासली, व्यवस्थित आहे. टॉन्सिल लहान आहेत, त्यांना हात लावणार नाहीत.

या वेळी डॉक्टरांनी आम्हाला पाऊण तास दिला. या वयात काढलेली गादी थोड्या मुलांमध्ये परत वाढते, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

विम्याचं आधी बघा, कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. बऱ्याच पॉलिसींत अ‍ॅडेनॉइड-टॉन्सिलसाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. आमचे दोन वर्षं जानेवारीत पूर्ण झाले, म्हणून कॅशलेस मिळतंय. तारीख ५ मार्च.


कोल्हापूरची आई, २४ फेब्रुवारी

चांगलं केलंत. समोर बटणं असलेला शर्ट घाला, डोक्यातून काढायला लागू नये. भुलीतून बाहेर येताना मूल पाव-अर्धा तास खूप रडतं, कुणाला ओळखत नाही असं वाटतं. घाबरू नका, ते उतरतं. आठवडाभर तोंडाला घाण वास येतो, तेही नेहमीचं. लालभडक रक्त आलं तर मात्र फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.


नाशिकची आई, ६ एप्रिल

५ मार्चचं हुकलं. आदल्या दिवशी नाक गळायला लागलं, मी स्वतः फोन करून कळवलं. २६ मार्चला झालं. एक रात्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी, संध्याकाळी वरणभात.

पहिल्या रात्री मी सवयीने पहाटे उठले. खोलीत आवाजच नव्हता. तिच्या नाकापुढे बोट धरून बघितलं. गरम श्वास लागत होता, तोंड मिटलेलं होतं.

चौथ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि ती कानांवर हात ठेवून माझ्याकडे धावली. मिक्सर लावायच्या आधी आता तिला सांगावं लागतं.

एक शंका आहे. आता उलटं झालंय. "बाबा" म्हणायला जाते आणि "मामा"सारखं ऐकू येतं. नवरा काळजीत आहे. पाणी पिताना एकदा थोडं नाकातूनही आलं.


नागपूरची ऑडिओलॉजिस्ट, ६ एप्रिल

टाळू आतापर्यंत त्या गादीला टेकून दार बंद करत होती. गादी गेली, आता तिला पूर्ण मागच्या भिंतीपर्यंत पोचायचं आहे. बहुतेक मुलांची टाळू काही आठवड्यांत हे शिकते, आणि तुमच्या लेकीची आधी तपासलेली आहे. साबणाचे फुगे उडवू द्या, स्ट्रॉने ताक पिऊ द्या, "पपई", "बटाटा", "पोपट" असे शब्द खेळात म्हणवून घ्या. तिला चूक म्हणून टोकू नका. पाणी नाकातून येण्याचं डॉक्टरांना आत्ताच कळवून ठेवा. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत आवाज असाच राहिला तर जवळच्या वाचातज्ज्ञांना दाखवा. कानांची तपासणी त्याच वेळी पुन्हा करून घ्या.


नाशिकची आई, ६ एप्रिल

ठीक आहे. फुग्यांची बाटली आणलीये. भाऊ रविवारी येतोय, त्याला आधीच सांगून ठेवते.